बाळंतिणीला पाणी कुणी दिलं

आमच्या गावातले मिशनचे साहेब आणि मॅडम कायमचे मायदेशी परत गेले तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. माझे यजमान तिथल्या चर्चचे नवे पाळक. मी सोलापूरच्या बोर्डिंगात वाढलेली, लग्नानंतर गावातल्या मिशनच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवू लागले होते. गाव नळदुर्गापासून पायी दीड तासावर, हमरस्ता सोडून आत. ख्रिस्ती घरं तीसेक असतील. बहुतेक सगळे शेतमजूर, दोन-चार जणांचा स्वतःचा तुकडा.

साहेबांची जीप निघाली ती दसऱ्याच्या आधी एका सकाळी. मॅडमची पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारून वाजवायचा तो मोठा बाजा, आदल्या दिवशीच ट्रकमधून सोलापूरला गेली होती. फाटकापाशी सगळी मंडळी उभी. बायका मॅडमचे हात सोडत नव्हत्या. त्यातल्या निम्म्या जणींची बाळंतपणं मॅडमनी मिशनच्या दवाखान्यात केलेली. साहेबांनी यांच्या हातात चर्चची किल्ली दिली, खांद्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसले. जीप वळणापलीकडं गेली तरी कुणी हललं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "आता दवाखाना कोन उघडनार?"

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. कचेरीतले कागद बदलले, कारकून बदलले, शाळा राहणार की जाणार याची रोज नवी बातमी यायची. पण आमच्या लोकांना राज्य बदलल्याचं फारसं काही वाटलं नाही. साहेबांच्या बंगल्याला कुलूप लागलं, हे मात्र त्यांना लागलं. पाण्यावर, बाजारात, लोक सहज विचारायचे, "तुमचे सायेब तर गेले. आता तुमी कुनाचे?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं, पण ऐकून आलेली बाई दिवसभर गप्प असायची.

आणि नाताळ जवळ येत होता.

तोवर नाताळ व्हायचा तो बंगल्याच्या व्हरांड्यात. सुरूच्या झाडाला रंगीत कागद, पोरांना लाडू आणि एकेक संत्रं, बायकांना खण, आणि मॅडमच्या बाज्यावर गाणी. यंदा यातलं काहीच नव्हतं. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी हे उपदेशाला उभे राहिले. तीन रात्री बसून लिहिलेला उपदेश. मोशे, अरण्य, वाटेत कुरकुरणारे लोक आणि त्यांना न सोडणारा देव. लिहिलेलं चांगलं होतं, मी भाकरी थापताना ते सगळं ऐकलं होतं. पण लोक भिंतीकडं बघत होते. नंतर गाणं म्हणायची वेळ आली. सूर द्यायला बाजा नाही. यांनी सुरुवात केली ती फार वर, पुरुषांनी धरली खाली, बायका तिसरीकडंच. दुसऱ्या कडव्यात सगळं अडखळून बंद पडलं. पुढच्या ओळीतल्या एका बाईला हसू फुटलं. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग ती रडतच राहिली.

घरी येऊन आम्ही जेवलो. हात धुताना हे म्हणाले, "मी उद्यापासून घरोघर जातो. तू येशील?"

शाळा सुटली की आम्ही दोघं निघायचो. एकेका घरी बसायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची. हे सगळ्यांना सांगायचे की साहेब गेले म्हणून देव गेला नाही. लोक मान हलवायचे. एका घरी मात्र सून जरा तोंडाची होती. तिनं सरळ विचारलं, "मंग यंदा सन हाय का न्हाय?"

"आहे की. सण काय साहेबांचा होता?" हे म्हणाले.

"सन नव्हता, पर लाडू त्यांचेच हुते," ती म्हणाली. सासूनं तिला डोळ्यांनी दटावलं. हे मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदाच मोकळे हसले.

त्याच दिवसांत मी एक गाणं ऐकलं. गावाच्या खालच्या अंगाला एका पाटलाच्या विहिरीवर गव्हाला मोट चालू असायची. मी तिकडून येत होते. मोट हाकणारा माणूस बैलांना मागं-पुढं नेताना गात होता. आवाज जाड, थोडा फाटलेला, पण सूर असा पक्का की माझी पावलं थांबली. जवळ गेले तर ते आमचेच एक आबा निघाले. चर्चमध्ये सगळ्यांत मागं, दाराजवळ बसणारे. त्यांचे ओठ गाताना हललेले मी कधी पाहिले नव्हते. मला बघितलं आणि ते गप्प झाले. "सलाम, बाई," म्हणाले आणि बैलांना उगाच हटकलं.

मी घरी सांगितलं. यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की आबा लहानपणी खंडोबाला वाहिलेले वाघ्या होते. गळ्यात पिशवी, हातात दिमडी, म्हणजे लहानसा डफ, घेऊन खंडोबाच्या अणदूरपासून चहूकडं गात फिरलेले. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी दिमडी सोडायला सांगितली. त्यांनी सोडली.

दुसऱ्या दिवशी हे विहिरीवर गेले. मी भाकरी द्यायचं निमित्त करून मागोमाग गेले. मार्गशीर्ष होता. लांब रस्त्यावरून खंडोबाला निघालेली माणसं जात होती, कपाळाला भंडारा लावलेली. आबांनी त्यांच्याकडं पाठ करून मोट धरली होती.

"आबा, नाताळाला तुम्ही गाल का?" यांनी विचारलं. "तुमच्या चालीत. दिमडी घेऊन."

आबांनी बैल उताराला लावले, मोट भरून वर आली, पाणी पाटात पडलं. मग ते म्हणाले, "तवाचे सायेब म्हनले, सोड. म्या सोडली. आता तुमी म्हनता, धर. दोघं बी देवाची मान्सं. मंग खरं कोन, पाळकसायेब?"

मला वाटलं, आता हे शास्त्रातला आधार देतील.

"मला ठाऊक नाही, आबा," ते म्हणाले. "त्या साहेबांची तुमच्यावर माया होती, एवढं ऐकलंय. आणि मी घाबरलोय, एवढं मला ठाऊक आहे. रविवारी उभा राहतो तेव्हा वाटतं, पुढच्या वर्षी समोर कुणी असेल का नाही."

आबांनी बैल थांबवले. लोटा विसळला, भरला आणि यांच्यापुढं धरला. "प्या," म्हणाले. "बसा जरा."

नंतर बोलता बोलता यांनी विचारलं, "साहेबांनी गाणंही सोडायला सांगितलं होतं का?"

"न्हाय. गाण्याचं काय बोलले न्हाईत. पर दिमडी गेल्यावर गळ्याचं काय करायचं, ते मला उमजलं न्हाय. बैलाम्होरं गायला कुनाची मनाई न्हवती."

गाईन असं ते म्हणाले नाहीत. यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण हे रोज सकाळी तासभर विहिरीवर जाऊन बसू लागले. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून हे शुभवर्तमानातली जन्माची गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवायचे. नावनिशी लिहिण्याचा हुकूम, लांबचा प्रवास, धर्मशाळेत जागा नाही, गोठा, गव्हाण. एके दिवशी हे घरी आले ते चपला न काढताच माझ्यापुढं उभे राहिले.

"आबांनी मला एक विचारलं. बाळंतिणीला ऊन पाणी कुणी दिलं?"

"म्हणजे?"

"गोठ्यात बाळ जन्मलं. परक्या गावात, बरोबर कुणी बाई नाही. पाणी तापवायला लागलं असेलच ना? कुणी तापवलं? मी सगळं पुन्हा वाचलं. कुठंच लिहिलेलं नाही. इतकी वर्षं वाचतोय, मला कधी सुचलंच नाही."

मलाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी बायका चर्च सारवायला जमल्या होत्या. मी तिथं तो प्रश्न सांगितला. हात शेणात असतानाच सगळ्या बोलायला लागल्या. एक म्हणाली, धर्मशाळावाल्याच्या बायकोनं दिलं असंल, नवऱ्याच्या चोरून. दुसरी म्हणाली, योसेफानंच चूल मांडली असंल, गडी मानूस असला म्हनून काय झालं. ती तोंडाळ सून म्हणाली, "शेजारीन आली असंल. बाळाचं रडनं आईकलं की कोन घरात बसतं?" कितीतरी दिवसांनी मी त्या बायकांना असं एकमेकींचं बोलणं तोडत बोलताना ऐकलं. सारवण संपेपर्यंत ठरलंही, की प्रत्येक घरानं आपापलं गूळ-पीठ आणायचं आणि लाडू चर्चच्या अंगणातच एका ठिकाणी करायचे.

चर्चच्या मंडळीचे पंच मात्र आमच्या घरी आले. सरळ माणूस, साहेबांच्या हाताखाली तीस वर्षं काढलेला. "वाघ्याचं गानं चर्चमधी गायचं म्हंता म्हनं," ते म्हणाले. "मॅडमच्या कानावर गेलं तर त्यान्ला काय वाटंल?"

"आबांनी अजून हो म्हटलेलं नाही," हे म्हणाले. "आणि तुमचं मन दुखवून मला काही करायचं नाही. पण साहेब गेल्यापासून तुम्हाला झोप नाही, हे मला तुमच्या मालकिणीनं सांगितलंय. मॅडमना काय वाटेल यापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते."

पंच उठायला निघालेले पुन्हा बसले. मग बराच वेळ ते साहेबांच्याच आठवणी सांगत राहिले. हे ऐकत राहिले. मी दोनदा चहा केला.

नाताळाच्या सकाळी चर्च भरलं. दाराला उसाचे वाढे आणि झेंडूच्या माळा. बाहेर चुलवणावर गुळाचा वास. यांच्या हातात त्या दिवशी कागद नव्हता. त्यांनी जन्माची गोष्ट वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आपल्यातल्या एकानं मला विचारलं, त्या माउलीला ऊन पाणी कुणी दिलं? शास्त्रात त्या माणसाचं नाव नाही. ज्ञानी लोकांचं सोनं लिहिलंय, मेंढपाळ लिहिलेत, दूत लिहिलेत. पाणी तापवणारं माणूस लिहिलं नाही. पण कुणीतरी होतं. आपण मोठे नाही. आपलीही नावं कुठं लिहिली जाणार नाहीत. पण आपण पाणी तापवू शकतो. म्हाताऱ्याला औषध नेऊन देऊ शकतो, एकमेकांच्या पोरांना अक्षर शिकवू शकतो. साहेबांनी जाताना आपल्याला एकटं सोडलं असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही. तुम्ही एवढे आहात."

ते खाली बसले. आता गाणं. कुणी सुरुवात करावी कळेना. मागं दाराजवळ हालचाल झाली, आणि आबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, ते निघूनच गेले. पण ते वहाणा काढायला गेले होते. अनवाणी आत आले, पुढं येऊन जमिनीवरच बसले, डोळे मिटले, आणि मांडीवर तळव्यानं ताल धरला. दिमडी नव्हती.

गोठ्यातल्या माउलीला पाणी कुणी तापविलं,
नाव न्हाय कागदात, देवानं ते जपविलं.

चाल तीच, विहिरीवरची. शब्द त्यांनी बैलांमागं चालता चालता जुळवलेले. दुसरी ओळ त्यांनी दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा ती बायकांनी उचलली. आधी एकीनं, मग सगळ्यांनी, आणि कुणाचा सूर कुठं चुकला नाही, कारण ती चाल सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होती. पंच गायनाचं पुस्तक उघडून उभे होते. त्यांनी ते मिटलं नाही, गायलेही नाहीत. पण त्यांच्या मालकीण मोठ्यानं गात होत्या आणि ते त्यांच्याकडं बघत होते.

नंतर अंगणात पंगत बसली. लाडू वळायची घाई झाली होती, निम्मे फुटलेच. हे सगळ्यांना वाढून शेवटी भिंतीला टेकून बसले आणि पहिल्या घासालाच झोपले. महिनाभराची झोप. पंचांनी त्यांच्या मांडीवरचं ताट अलगद उचलून घेतलं आणि मला खुणेनं सांगितलं, झोपू द्या.

दोन महिन्यांनी मिशनचे वरचे पाळक तपासणीला आले. कुणीतरी त्यांना आधीच कळवलं होतं. त्यांनी आबांना गायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं, चहा घेतला आणि बरं-वाईट काही न बोलता निघून गेले. दवाखाना पुन्हा उघडला नाही. शाळा सरकारनं घेतली, मी त्याच वर्गावर राहिले. चार घरं पोटासाठी सोलापूरला गेली, गिरणीत लागली. बाकीची राहिली.

आबांना मी पुढं एकदा विचारलं, की तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का, दोघांत खरं कोण? ते म्हणाले, "दिमडी सोडली ती सोडली, बाई. तेचं काय न्हाय आता. पर गळा उगंच कोंडला एवढी वर्सं. तेवढी चूक माजीच."

आणखी पाच नाताळ ते गायले. दर वर्षी एक-दोन कडवी वाढायची. मेंढपाळांच्या कुत्र्यावर एक होतं, योसेफाच्या फुटलेल्या टाचांवर एक. मी ती शाळेच्या एका वहीत उतरून घेतली आहेत. ते भरभर गायचे, त्यामुळं दोन जागी शब्द मला नीट लागलेले नाहीत. तिथं मी मोकळी जागा सोडली आहे.