सुकटीच्या पुडीतली जाहिरात

"मेल्या, यात माझ्या खोल्या कुठं हायत?" छापखान्यात शिरता शिरता किहीमच्या सुमनकाकी अशा ओरडल्या, की समुद्र दोन पावलं मागं सरला असेल.

आज सुकटीची पुडी सोडली, शाईचा आणि मासळीचा वास एकदम नाकात गेला आणि ती सकाळ परत आली. काकींनी वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. सुट्ट्या लागल्या तरी त्या रिकाम्याच. म्हणून त्यांनी जाहिरातीला छापायला दिलेल्या पत्रकात मी माड, होड्या, मावळता सूर्य आणि किहीमला कधीच न फिरकलेला देवमासा असं काय काय कोंबलं, की खोल्या आणि पत्ता कोपऱ्यात मुंगीएवढे उरले. आज तो देवमासा मी स्वतः हाकलला असता. तेव्हा मात्र मला तो जीव की प्राण होता.

काकींनी रागानं सगळा गठ्ठा शेजारच्या कोळणीला सुकट बांधायला दिला.

पुढच्याच शनिवारी दोन्ही खोल्या भरल्या. पाहुण्यांच्या हातात माझंच पत्रक, घमघमणारं. मी छाती फुगवून म्हणालो, "बघा काकी, देवमाशानं माणसं ओढून आणली."

काकी चुलीवरचा भात ढवळत होत्या.

"देवमासा कुणी बघितला न्हाय. सुकट आवडली, पुडीवरचा पत्ता बघून आणखी न्यायला आले, ते ऱ्हायले."