तणांच्या पुस्तिकेवरची दोन नावं

मलकापूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये मला एक खुर्ची आहे. बाकीचे सगळे एकमेकांना वीस-वीस वर्षं ओळखतात. मी आत गेले की त्यांचं वऱ्हाडी बोलणं थांबतं आणि पुस्तकी मराठी सुरू होते, मग थोड्या वेळाने तीही थांबते. म्हणून पहिल्या वर्षापासून मी डबा प्रयोगशाळेत खाऊ लागले.

तिथे प्रयोगशाळेचे परिचर असायचे. मूळचे वरवट बकालचे, निवृत्तीला आलेले. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं. एकदा एका मुलीने तासाला शेतातलं तण आणून विचारलं, मॅडम, हे काय आहे? मी त्याचं लॅटिन नाव फळ्यावर लिहिलं. वर्ग नुसता बघत राहिला. दारातून मामा म्हणाले, "कुंजरू होय ते. भाजी करतेत त्याची." तेव्हा कुठे सगळ्यांनी वह्या उघडल्या. माझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमातलं. याच जिल्ह्यात वाढूनही मला त्या झाडाला हाक मारता येत नव्हती.

त्यानंतर मामा रोज पिशवीतून एखादं तण आणायचे. केना, तरोटा, एकदांडी. डबा खाता खाता सांगायचे: हे कपाशीत येतं, याला ढोरं तोंड लावत नाहीत, याचं नाव पलीकडच्या गावात वेगळं आहे. मी रविवारी खोलीवर बसून चित्रं काढायची. दिवसभरात माझं त्यांच्याशिवाय कुणाशी बोलणं होत नसे. दोन वर्षांत चाळीस तणांची पुस्तिका तयार झाली.

त्याच सुमारास कॉलेजने बौद्धिक संपदेवर कार्यशाळा घेतली. तिथे सांगितलं: कॉलेजच्या साधनांनी केलेल्या कामावर कॉलेजचा हक्क, पण निर्मात्याचं नाव कायम. ज्याचा ज्याचा सहभाग असेल त्याची नोंद करणं ही कर्मचाऱ्याची जबाबदारी. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. नंतर पुस्तिकेची नोंदणी करायला अर्ज मिळाला तेव्हा 'निर्मात्याचे नाव' यापुढे मी फक्त माझं नाव लिहिलं. खाली दोन ओळी मोकळ्या होत्या. पुढच्या मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि शिक्षकेतर माणसाचं नाव कुणी कशाला लिहितं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नोंदणीचे अर्ज तपासणाऱ्या कॉलेजच्या समितीतल्या सरांनी माझा अर्ज पाहिला. "मामांची मदत झाली म्हणतात. उद्या भानगड नको. त्यांच्याकडून ना-हरकत घेऊन टाका."

मजकूर त्यांनीच टाइप करून दिला. मी तो मामांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही.

"वाचून दाखवा, मॅडम."

मी वाचलं. सदर पुस्तिकेच्या निर्मितीत माझा कोणताही सहभाग नाही व तिच्यावर माझा कोणताही हक्क नाही.

मामांनी कागद हातात घेतला. "म्हंजे उद्या कोणी इचारलं हे नावं कोणं सांगतले, त मी काय म्हणू? मले मालूम नाही?"

"तसंच लिहिलंय."

"आन् माह्या घरची म्हणन, दोन वर्षं रोज पिशवीत गवत काऊन नेत होता मंग?" ते हसले. "द्या, पेन द्या. तुमची नोकरी पक्की होत असन त मले काय."

त्यांनी सही केली. मी कागद घेऊन व्हरांड्यात आले. समितीची खोली समोर होती. मी आत गेले आणि कागद न देता नवा कोरा अर्ज मागितला.

"परिचराचं नाव सोबत?" सर म्हणाले. "मुलाखतीत कसं दिसेल ते? विचार करा."

"केलाय," एवढंच मला म्हणता आलं. दोन नावं लिहिली. सहीचा कागद माझ्या बॅगेतच राहिला. तो फाडायलाही मला चार दिवस लागले.

मामांना मी सांगितलं तेव्हा ते खूश होतील असं वाटलं होतं. "कायले केलं हो मॅडम?" ते एवढंच म्हणाले. आठवडाभरात कॉलेजभर झालं. ऑफिसातले लोक त्यांना 'लेखकसाहेब' म्हणू लागले. "लेखकसाहेब, चहा आणता का, का पुस्तक लिवून राह्यले?" एकदा त्यांच्यापुढे कुणीतरी बेसिनवरचा खराब ब्रश ठेवला आणि म्हणालं, "घ्या, तुमची लेखणी." मामा हसले नाहीत. मी दारात होते. तिथूनच मागे फिरले.

आता ते डबा खाली, गेटजवळच्या वॉचमनसोबत खातात. मी दिसले की उठून उभे राहतात. पूर्वी राहत नसत.

अर्जाचं काय झालं ते अजून कळलं नाही. पुढच्या वर्षाच्या तासिकांचंही पत्र आलेलं नाही. काल मीच कॉलेजच्या कुंपणाजवळून एक जांभळ्या फुलांचं तण उपटून आणलं, टेबलावर ठेवून चित्र काढलं, लॅटिन नाव लिहिलं. गावातलं नाव मला माहीत नाही. मामा काचेच्या बरण्या पुसत होते. विचारावं असं दोनदा मनात आलं. मग घंटा झाली आणि मी तासाला गेले.