दिवाळीतली मेस आणि आमचे दानियल सर

मेसमध्ये खरकटी भांडी साठतात तसे किस्सेही साठतात. भांडी घासली की संपतात, किस्से मात्र घासावेत तसे जास्तच चकाकतात!

आमच्या ख्रिस्ती विद्यापीठाचे कुलगुरू दानियल सर यंदा रिटायर झाले. निरोप समारंभ झाला, आता त्यांच्यावर पुस्तक काढायलेत. ज्यानं त्यानं एक पान लिहायचं असा निरोप आला. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "कौसामावशी, तुमी नुसतं सांगा, आमी लिहितो." मी म्हटलं, "चौथी शिकलेय मी. हात मोडलेला न्हाई माझा!"

तर हे माझं पान. एकाची तीन झालीत. कुणी कापाकापी करायची नाही.

मुलींच्या मेसची मी मुख्य स्वयंपाकीण. सर जाणार म्हणून वाईट वाटत होतं, पण खरी धास्ती वेगळी होती. सर गेले की दिवाळीच्या सुट्टीतली मेस बंद पडणार! ती मेस बंद म्हणजे काही पोरींचं शिक्षण बंद. कसं, ते सांगते. पण आधी सर कसे होते ते ऐका.

*

सर नवीन आले तेव्हा जेवणाआधीची प्रार्थना स्वतः करायचे. आवाज गोड, पण लांबण फार! पाऊस, पिकं, आजारी माणसं, प्रवासातली माणसं, सगळी होईपर्यंत भाकरी थंडगार. चौथ्या दिवशी पोरींनी डोळे मिटलेले असतानाच मी बोलले, "सर, देव कुठं पळून चाललाय का? भाकरी मात्र गार व्हायलीय!"

पोरी टरकल्या. सरांनी डोळे न उघडता म्हटलं, "आमेन."

दुसऱ्या दिवसापासून सर आधी स्वयंपाकघरात डोकवायला लागले. "मावशी, आज काय?" भाकरी असली की प्रार्थना दोन ओळींची. खिचडी असली की आख्खं जग यायचं प्रार्थनेत.

एकदा बाहेरगावचे पाळकसाहेब पाहुणे आले. त्यांनी प्रार्थना धरली ती सोडायलाच तयार नाहीत. सर हळूच त्यांच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, आज भाकरी आहे."

*

आमच्या निम्म्याहून जास्त पोरी हिंदू. नारायणगडाच्या जत्रेला आईचं बोट धरून गेलेल्या. एकादशीला बऱ्याच जणी उपवास धरतात, म्हणून मी साबुदाणा भिजवते. एकदा नेमके त्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले. कडक माणूस. कढईत बघून म्हणाले, "सर, ख्रिस्ती संस्थेत एकादशी?"

सर म्हणाले, "अध्यक्षसाहेब, एकादशीतलं मला फार कळत नाही. पण मावशी दाण्याचं कूट सढळ हातानं घालतात."

अध्यक्ष म्हणाले, "चवीपुरतं द्या."

चवीपुरतं तीनदा झालं. जाताना गाडीची काच खाली करून मला हळूच विचारलं, "पुढची एकादशी कधी हाय हो?"

*

मग तपासणीची समिती आली. आठ दिवस आधीपासून सगळ्या स्टाफकडून विद्यापीठाचं ध्येय पाठ करून घेतलं होतं. माझ्याकडून घ्यायचं राहिलं. समितीतले एक साहेब मेसमध्ये आले आणि मलाच विचारलं, "विद्यापीठाचं ध्येय काय?"

मागं उभ्या असलेल्या प्राध्यापकांचे चेहरे पडले. मी म्हटलं, "माझं ध्येय साडेबाराला जेवण."

"आणि विद्यापीठाचं?"

"ते बी साडेबारालाच येतं, ताट घेऊन!"

सर इतके हसले की चष्मा वरणात पडला. तो मी काढून, धुऊन, पदराला पुसून दिला. मीच समितीला सांगितलं, "हे पण लिहा."

*

आता दिवाळीचं.

सर आले त्या वर्षी सुट्टी संपल्यावर मेसमध्ये आले, रांगेकडं बघितलं आणि म्हणाले, "मावशी, बारा ताटं कमी कावून?" आमच्याकडं राहून 'का'ला 'कावून' म्हणायला शिकले होते.

मी सांगितलं, "सर, दसरा झाला की ह्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीला हॉस्टेल बंद, पोरीनं जायचं कुठं? घराला कुलूप. मग ती बी आईबापामागं उसाच्या फडात जाते. एकदा फडात गेलेली पोरगी परत येत न्हाई."

सर जेवलेच नाहीत त्या दिवशी. दुसऱ्या वर्षी बोर्डावर नोटीस लागली, "सुट्टीतला खास अभ्यासवर्ग." सुट्टीत हॉस्टेल बंद ठेवायचा संस्थेचा नियमच, त्यातून ही वाट काढली. वर्ग चालू म्हणजे हॉस्टेल चालू, मेस बी चालू! अभ्यासवर्ग खरंच घ्यायचे सर, लिंबाखाली बसून. मला पण बसवलं. इंग्रजीत मी सही शिकले ती तिथंच.

मी म्हटलं, "सर, नियम मोडला की तुमी."

म्हणाले, "मोडला नाही मावशी. वाकवला. तुटला तर बघू."

*

सिरसाळ्याकडची वैशाली पहिल्या वर्षाला होती. एक दिवस तिचा बाप ट्रॅक्टर घेऊन गेटवर. "बायको कमरेनं बसलीय. मी ऊस तोडीन, मोळ्या कोण बांधंल? पोरगी नेतो."

मी उलथनं घेऊन आडवी झाले. "ए दादा, पाऊल टाकून बघ आत!"

"माझी पोरगी हाय. तुमचं काय जातंय?"

तेवढ्यात सर आले. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बायको उठेपर्यंत मोळ्या बांधायला माणूस पाहिजे, एवढंच ना? मी येतो."

बाप हसला. मी पण हसले. पण सरांनी खरंच आठ दिवसांची रजा टाकली आणि बूट-टोपी घालून माजलगावकडच्या फडात गेले! आमचे कुलगुरू!

आठव्या दिवशी वैशालीचा बाप स्वतः त्यांना परत घेऊन आला. मला म्हणाला, "मावशी, ह्यांना इथंच ठिवा. ह्यांनी बांधलेली मोळी गाडीपोतर पोचतच न्हाई, रस्त्यातच सुटतीय. मुकादम मला शिव्या द्यायलाय!"

"आणि पोरगी?"

"राहू द्या. मेव्हण्याला बोलावलंय. पण एक सांगून ठेवतो. मेस उघडी तवर पोरगी तुमची. कुलूप लागलं की माझी."

उसाच्या पाल्यानं सरांची बोटं चिरली होती. त्या वर्षीच्या सगळ्या पदव्यांवर त्यांची सही वाकडी आहे. ज्यांच्याकडं ती पदवी असेल त्यांनी जपून ठेवावी.

*

वैशाली यंदा शेवटच्या वर्षाला. आणि यंदाच सर रिटायर! अध्यक्ष आधीच बोलून बसले होते, "दिवाळीची मेस सरांच्या हट्टापायी होती. आता नियमानं चालू." ते ऐकलं त्याच दिवशी वैशालीनं बॅग भरून ठेवली. मी रागानं दोनदा रिकामी केली, तिनं दोनदा भरली.

निरोपाला मांडव भरलेला. अध्यक्षांचं भाषण रंगात आलं. "सरांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलं नाही. सर, आज मागा! मागाल ते दिलं!"

टाळ्या पडल्या. सरांनी खिशातून कागद काढला. "अर्ज आहे. पण तुमच्या नावानं नाही, कौसामावशींच्या."

माझ्या हातात दिला. माईकवर मी एकेक अक्षर लावत वाचला. "मुख्य स्वयंपाकीण, मुलींची मेस, यांस. मी आता रिकामा आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत मला मेसमध्ये कामाला घ्यावं. आपला नम्र, दानियल."

मागच्या रांगेत वैशाली उठून उभी राहिली.

मी अध्यक्षांकडं वळले. "काय साहेब? माणूस कामाला घ्यायचा म्हणजे मेस उघडी लागंल."

अध्यक्षांनी मांडवाकडं बघितलं, सरांकडं बघितलं, घाम पुसला. "दिलं म्हटलंय ना! दिलं!"

टाळ्या थांबेनात. पण मी अशी कुणालाही कामावर घेत नसते. तिथंच विचारलं, "अनुभव?"

"जेवायचा लई हाय, मावशी."

"भाकरी थापता येती?"

"न्हाई."

"मग कांदे चिरायचे. रोज सकाळी सहाला."

सरांनी हात जोडले. "कबूल. फक्त रविवारी सकाळी चर्चला जायची सुट्टी द्या."

मी म्हटलं, "कांदे चिरून जावा!"