सरपंचाचा घास

सरपंचाचं तोंड उघडलं आणि मी आधी माझं नाक बाजूला घेतलं. हाड कुजायला लागल्याचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही. खालच्या दातांना मी घातलेली तार ढिली झाली होती. तारेखाली, हिरडीच्या फटीत, राखाडी लगदा ठासून बसला होता. मी चिमट्याने थोडा काढला, बोटांत चोळून पाहिला. बाजरी.

"भाकरी कोणी दिली याला?"

"न्हाई दिली मॅडम," सुनंदा म्हणाली. "तुमी सांगितलं तसं पातळच देतीया."

"मग ही तारेत उगवली का?"

तिने पदराने टेबलाची कड पुसली.

सरपंच म्हणजे कुत्रा, हे सांगायला हवं. गावठी, तांबडा, अंगाने थोराड. सुनंदाचे सासरे तात्या एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडले. त्याच सुमारास वस्तीवर एक पिल्लू आलं. त्याचं नाव त्यांनी सरपंच ठेवलं, म्हणजे रोज बांधावर उभं राहून "ए सरपंच, इकडं मर" असं ओरडायची सोय झाली. ही हकीकत मला डॉक्टर कदमांनी सांगितली. कदमांचा राहात्याला जनावरांचा दवाखाना आहे. माझी प्रॅक्टिस नगरला, सावेडीत. पण हाडांची ऑपरेशनं असली की आठवड्यातून एकदा मी त्यांच्याकडे जाते.

सरपंचाला उसाच्या ट्रॉलीची धडक बसली होती. कुत्र्याचा खालचा जबडा म्हणजे दोन हाडं, हनुवटीपाशी जोडलेली. त्याचा तो जोड सुटला होता आणि डावं हाडही मधे मोडलं होतं. अशा वेळी आम्ही दातांच्या आधाराने बारीक स्टीलची तार घालतो आणि तुकडे जागेवर बांधतो. तार हाड जोडत नाही. हाड आपलं आपण जुळतं, तार त्याला फक्त हलू देत नाही. ते हलतं चावल्याने. म्हणून काही आठवडे चावणं बंद.

काय द्यायचं ते मी नीट सांगितलं होतं. मऊ भात, त्यात अंडं किंवा चिकन, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढायचं. चमचा तिरका केला की धार पडली पाहिजे. खाऊन झालं की पिचकारीने तोंड धुवायचं. आमच्याकडच्या लोकांचा एक पक्का समज असतो, भाकरी कुस्करली की मऊ. तान्ह्याला चालते, बोळक्या म्हातारीला चालते, मग कुत्र्याला काय होतंय? बाजरीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा वाळला की कडक होतो. तो तारेखाली शिरतो, तिथेच सडतो आणि हाडात पू धरतो. हे मी सुनंदाला समजावलं होतं. तिने मानही डोलावली होती. मान डोलावणाऱ्या माणसांची मला जरा भीतीच वाटते.

"हे बघ," मी तिला म्हणाले, "आज मी साफ करते, नवीन तार घालते. पण परत असं झालं तर हाड मरेल. मेलेलं हाड ठेवता येत नाही. पुढचा जबडा कापून टाकावा लागेल. कळतंय?"

"कळतंय."

"नाहीतर असं करू. मानेतून अन्ननलिकेत एक नळी घालते. त्यातून पातळ खाणं सोडायचं. तोंडाचा संबंधच नाही."

इतका वेळ सगळ्याला हो म्हणणारी बाई एकदम ताठ झाली.

"नळी नको मॅडम. घरात एक नळी हाय. दुसरी नको."

"कुणाला?"

"तात्यांना. गालाला झालंय. तंबाखूचं. नगरला ऑपरेशन झालं, मशिनीचा शेकबी झाला, पर गाठ परत आली. आता घरी न्या म्हनले."

मी नळीचा विषय सोडला. सरपंचाला भूल देऊन जखम धुतली, तार नवीन घातली, आणि सुनंदाला तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा खालच्या आवाजात.

पुढच्या खेपेला मी राहात्याला गेले तर सरपंच बाहेर बाकाखाली बसलेला. शेपूट हलवली त्याने मला बघून. तोंड उघडलं, आत पुन्हा बाजरी.

या वेळी मी ओरडले नाही. मी कदमांना सांगितलं, मी हिच्या वस्तीवर जाऊन येते.

"मॅडम, गाय यायची आहे ऑपरेशनला," कदम म्हणाले. "आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काय तपास करणार? पोलीस आहात का?"

"तिसऱ्यांदा तार घालायला लावतायत, तर होते पोलीस."

"तुमची मर्जी. पण तिथे चिडू नका. त्यांच्या घरात आधीच काय कमी आहे?"

सुनंदा टेम्पोने आली होती. मी तिला आणि सरपंचाला माझ्या गाडीत घातलं. वस्ती डांबरी रस्त्यापासून आत होती, दोन्ही बाजूंना ऊस. तिचा नवरा कारखान्यात शिफ्टला गेलेला. आम्ही पोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

पत्र्याच्या पडवीत खाटेवर तात्या बसले होते. एके काळी आडदांड माणूस असावा, हाडं तशी सांगत होती. गालावर फडकं बांधलेलं, नाकातून नळी आलेली आणि ती कपाळाला चिकटपट्टीने लावलेली. मला बघून त्यांनी हात जोडले. तोंड उघडत नव्हतं.

सुनंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आत गेली आणि ताट घेऊन आली. भरलेलं ताट. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. ज्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी जात नव्हतं, त्याच्यासमोर तिने ते मांडलं.

तात्यांनी हात धुतला. भाकरी उचलून नाकाशी नेली. मग तिचा कडेचा, चांगला भाजलेला तुकडा मोडला आणि हात खाली धरला. सरपंच कधीचाच खाटेला टेकून बसला होता. त्याने मान वाकडी करून घास घेतला आणि उजव्या बाजूने चावायला लागला. कुडुम कुडुम आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तात्या एकटक त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. तिथली घाटी वर-खाली होत होती, गिळताना होते तशी.

कुत्र्याचं खाऊन झालं. तात्यांनी ताट सरकवलं, मागे टेकले आणि नळीवर बोट आपटून सुनंदाला खूण केली. आता ओत.

मी उठून मागच्या दारी गेले. थोड्या वेळाने सुनंदा आली.

"जेवायला बसलं की आदी कुत्र्याचा घास काढायचा, ही त्यांची जल्माची रीत," ती म्हणाली. "तेवढं झाल्याबिगर नळीला हात लावू देत न्हाईत. तुमच्या पयल्या ऑपरेशनानंतर मी ताट दिलं न्हाई, तर नळी उपसून काढली. रक्त आलं. म्हनत्यात, सरपंच चावतो तवा मला चव लागती."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुमी कुत्र्याच्या डॉक्टर."

मी तिला म्हणाले, दुसरं एखादं कुत्रं बसवा खाटेपाशी. तीही युक्ती तिची करून झाली होती. शेजारच्यांचं कुत्रं आणून बांधलं होतं. तात्यांनी भाकरी मोडलीसुद्धा नाही.

मग मी तात्यांसमोर जाऊन बसले. स्पष्ट बोलायची मला सवय आहे आणि गोड बोलून काही व्हायचं नव्हतं.

"तात्या, याचा जबडा आतून सडतोय. घास तुमच्याच हातचा द्या, पण पातळ द्या. थोडे दिवस."

त्यांनी घशातून काहीतरी आवाज काढले. मला एक अक्षर कळलं नाही. सुनंदाने सांगितलं.

"म्हनत्यात, पातळ मी खातोय की. ते काय खानं हाय का? त्यानं का म्हनून खायचं?"

"त्याला दुखतंय," मी म्हणाले.

तात्यांनी सरपंचाकडे पाहिलं. हात खाली नेऊन त्याची हनुवटी धरली. सरपंच कण्हला आणि मागे सरला. तात्यांनी हात काढून घेतला आणि बराच वेळ तो मांडीवर तसाच ठेवला. मग ताट लांब सारलं आणि सुनंदाला वाटीची खूण केली. तिने भात-अंड्याचं पातळ आणलं. म्हाताऱ्याने चमच्याने ते कुत्र्याच्या गालफडात सोडलं, अगदी सावकाश, एक थेंब न सांडता. आमच्या कंपाउंडरलाही ते इतकं चांगलं जमत नाही.

मी सरपंचाचं तोंड धुतलं, तार आवळली आणि परत निघाले. गाडीत मला फार बरं वाटत होतं. कदमांना मी ऐटीत सांगितलंही, तुमच्या सगळ्या औषधांपेक्षा दोन शब्द बोललेलं बरं.

एक-दोन दिवसांनी सुनंदाचा फोन आला.

"मॅडम, तात्या नळी लावू देईनात."

"का? सरपंचाला काय देतायत?"

"पातळच देत्यात की, सोताच्या हातानं. लई मायेनं देत्यात. आन मग तोंड फिरवत्यात. म्हनत्यात, माजं झालं. कालपासनं पोटात काय न्हाई त्यांच्या." मग ती थांबली आणि म्हणाली, "कुत्रं वाचवू का मानूस, तेवढं सांगा. ह्यांना इचारलं तर हे रडत्यात."

कॉलेजात आम्हाला खूप शिकवतात. गाय अडली तर आधी गाय की वासरू, हेसुद्धा शिकवतात. हे शिकवत नाहीत.

"भाकरी द्या," मी म्हणाले.

"आन सरपंच?"

"भाकरी द्या."

मग मला जमेल ते मी केलं. पापुद्रा काढून टाक, मधला मऊ भाग आमटीत भिजवून तात्यांच्या हातात दे, असं सुनंदाला सांगितलं. तिने केलं. तात्यांनी तो गोळा बोटांनी चेपून पाहिला आणि ताटात टाकला. त्यांना आवाज पाहिजे होता. चावल्याचा आवाज आल्याशिवाय त्यांचं जेवण होत नव्हतं. मी सरपंचाची वेदनाशामक गोळी वाढवली, निदान दुखू तरी नये. दुखेनासं झाल्यावर तो आणखी जोमाने चावायला लागला. कोणत्याही पुस्तकात याला उपचार म्हणत नाहीत. मी दर खेपेला ते तोंड उघडायची, बाजरी काढायची, पू धुवायची आणि काही न बोलता बंद करायची. एकदा सुनंदाने मला घरचा हरभऱ्याचा डहाळा आणून दिला. तो घेताना मला लाज वाटली.

तात्या शेवटपर्यंत रोज जेवले, असं ती सांगते. ज्या दिवशी गेले त्या दिवशीही सकाळचा घास त्यांनी दिला होता. हात उचलवत नव्हता, म्हणून सरपंचाने मान वर करून घेतला.

तेरावं झाल्यावर ती त्याला घेऊन आली. पुढचं हाड पूर्ण मेलेलं होतं, चिमट्यात धरलं तर तुकडा हातात येत होता. मी पुढचा जबडा काढला. ऑपरेशन चांगलं झालं. अशी कुत्री जगतात. जीभ एका बाजूने लोंबते, लाळ गळते, बघणाऱ्याला कसंतरी होतं, पण पातळ खाऊन वर्षानुवर्षं जगतात.

टाके काढायच्या दिवशी सुनंदाने विचारलं, "ह्याला आता भाकरी कवा द्यायची?"

"नाही द्यायची. कधीच."

ती त्याच्या कानामागे खाजवत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, तात्यांना हे बघाया लागलं न्हाई." आणि दवाखान्यात, चार माणसांसमोर, ती पहिल्यांदा रडली. मी कदमांना हाताने खूण केली, पुढची केस आत घेऊ नका. मीही तिथेच उभी राहिले, कारण बाहेर गेले असते तर माझंही तेच झालं असतं.

तेव्हापासून कुत्र्याला पातळ खाणं सांगताना मी मालकाला आधी विचारते, घरात आणखी कोणी आजारी आहे का, आणि ते जेवताना हा कुठे बसतो. निम्म्या लोकांना राग येतो. "मॅडम, कुत्र्याचं काय ते बोला ना," म्हणतात. मी उत्तर येईपर्यंत रिळातून तार कापत नाही.