वारेची टोपली

बु पारिनेमने मारलेली गाठ सुटत नाही, असं जावा बेटावरच्या क्लातेनजवळच्या एका छोट्या प्रसूती रुग्णालयात सगळे कौतुकाने म्हणत. बाळंतिणीची वार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, दुहेरी गाठ मारून बापाच्या हातात द्यायची, हे तिचं काम; मानाने सगळे तिला बु, म्हणजे बाई, म्हणत. तिथल्या समजुतीने वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंडच. बापाने ती धुऊन मडक्यात घालून अंगणात पुरावी, पस्तीस दिवस तिथे दिवा लावावा. पण हल्लीच्या बापांना किळस येते, मग पिशवीच मातीत जाते.

एका सकाळी वागिमान गवंडी तशी पिशवी घेऊन आला. स्वतःच्या अंगणात पाया खणताना निघाली होती. नऊ वर्षं झाली तरी गाठ शाबूत.

"बु, लेकीचं भावंड कोंडून घातलं आपण," तो म्हणाला. "चूक माझीच, मी पिशवी सोडली नाही. पण बायकोचे दिवस भरलेत. या वेळी असं नको."

पारिनेमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो भांडला असता तरी परवडलं असतं. ती तडक डॉक्टर एन्दांगांकडे गेली.

"यापुढे वार केळीच्या पानात बांधून देते."

"आणि रक्त गळलं तर? हा काय वाफवलेला भात आहे, बु?"

"पानात पाणी भरून तुमच्या टेबलावर ठेवते. थेंब गळला तर पुन्हा विषय काढणार नाही."

घाईत पारिनेमने पान शेकलंच नाही. ते चिरलं आणि डॉक्टरांचे कागद भिजले.

"विषय संपला ना?" डॉक्टर हसत म्हणाल्या. "बरं, उद्या एकदाच."

दुसऱ्या दिवशी तिने केळीची पानं निखाऱ्यावर मऊ केली, चार पदरी घडी बांबूच्या टोपलीत बसवली. संध्याकाळपर्यंत टेबल कोरडं राहिलं.

वागिमानला मुलगा झाला. त्याची वार टोपलीतून गेली, आणि पारिनेमने आपलीच जुनी गाठ कापून थोरल्या लेकीचं भावंडही दुसऱ्या टोपलीत बांधून दिलं. हळूहळू सगळ्यांनाच टोपल्या मिळू लागल्या.

दोन वर्षांनी वागिमान केळ्यांचा घड घेऊन आला.

"टोपल्या पुरल्या तिथली केळीची पिल्लं हलवताना खणावं लागलं, बु."

पारिनेमने हातातलं काम खाली ठेवलं. "काय निघालं?"

"माती. पान नाही, टोपली नाही, काहीच नाही."

"आणि थोरलीचं?"

"तेही गेलं, बु. दोघं शेजारीच होती."

"अलहमदुलिल्लाह, देवाचे उपकार," म्हणत पारिनेम घड मांडीवर घेऊन खाली बसली आणि पोटभर रडली.