जहाजावर अकरा दिवस

आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात गुरुनाथकाकांचा आवाज काढता येत नाही असं एकही पोर नाही. हनुवटी आत घ्यायची, प्रत्येक शब्द तोडून बोलायचं: "रत्ना. चहा. चार मिनिटं लेट." मग स्वयंपाकघरातून रत्नाकाकू: "गॅस तुमच्याच हाताशी आहे, साहेब." त्यांचा आवाज तर मला आणखी छान जमतो.

काका भारतीय नौदलातून कमांडर म्हणून रिटायर झाले आणि मुलाकडे इथे आले. गॅरेजमधल्या बर्फ काढायच्या फावड्यांनाही त्यांनी नंबर दिलेत. असा माणूस समुद्रात काय काय बुडवून आला असेल, याच्या गोष्टी आम्हीच रचायचो. काका त्या खोडून काढायचे नाहीत. नुसतं "हं" म्हणायचे.

मग जुलैच्या पिकनिकसाठी मंडळाच्या सेक्रेटरी मृणालिनीमावशींनी फ्लायर काढला: 'युद्धनौकेचे कॅप्टन गुरुनाथकाका सांगतील आरमारांचा इतिहास, आणि मुलांना स्वतः बोटीतून फिरवतील.' त्यानंतर दोन दिवस काकांचं व्हॉट्सॲपवरचं गुड मॉर्निंग आलं नाही.

पिकनिकला तळ्याकाठी मावशींनी त्यांच्या हातात माइक दिला. "काका, दहाच मिनिटं हं प्लीज, भेळ कालवून झालीये."

काकांनी सगळ्यांकडे बघितलं, फक्त काठाला बांधलेल्या बोटीकडे नाही.

"मी कॅप्टन नव्हतो," ते म्हणाले. "पुरवठा खात्यात होतो. जहाजावर राहिलो अकरा दिवस, त्यातले नऊ बादलीजवळ. मग डॉक्टरांनीच किनाऱ्यावर ठेवलं. पुढची तीस वर्षं गोदामात."

मावशी फ्लायरची घडी घालत बसल्या.

सात वर्षांच्या ईशानने विचारलं, "सो यू थ्रू अप? नाइन डेज?"

"हो. नेल्सनलाही बोट लागायची. इंग्लंडचा एवढा मोठा दर्यावर्दी."

ईशान खूश झाला. मग आम्ही सगळेच हसलो आणि काकांना सूर सापडला. तिथल्या राजाच्या आरमारात लढाईपेक्षा, ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही रोगानेच जास्त खलाशी मेले. हिरड्या सुजायच्या, दात गळायचे. शेवटी रोज लिंबाचा रस द्यायला लागले. "तो रस मोजून देणारा जो कोणी होता ना, तो माझ्या खात्यातला," काका म्हणाले. दहाची पंचवीस मिनिटं झाली. भेळेचा लगदा झाला.

बोट चालवायला गिरीशकाका पुढे आले. त्यांची स्वतःची बोट आहे, सवय आहे. गुरुनाथकाका धक्क्यावर उभे राहिले.

"मुलं बारा. लाइफ जॅकेटं?"

"अकरा," गिरीशकाका म्हणाले. "पण केया मस्त पोहते काका, पाच मिनिटांचा तर राउंड आहे."

"बोट हलणार नाही."

आवाज चढला नव्हता. ऑफिसात चाळीस इंजिनियरांना कामाला लावणारे गिरीशकाका "येस सर" म्हणाले आणि चपला फटफटवत बोटी भाड्याने देणाऱ्या खिडकीकडे पळाले.

बारावं जॅकेट आलं. काकांनी स्वतः केयाचं बकल लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि मग दोर सोडला.