रोही आडवा आला

सुनंदाबाई पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकल्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्या आरोग्य केंद्राच्या नर्स म्हणून अमळनेर तालुक्यातली खेडी एसटीने, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, नाहीतर सरळ पायी हिंडल्या होत्या. नवरा लवकर गेला. मुलगी नूतन नाशिकला दिली, मुलगा तेजस धुळ्याला बियाण्यांच्या गोदामात लागला आणि बायको भूमिकासोबत तिथेच संसार थाटून राहिला. निवृत्तीनंतर बाईंनी एक छोटी पांढरी गाडी घेतली, तेव्हा आमच्या गल्लीत सगळे हसले. मी त्यांची शेजारीण, मीही हसले. पुढे मात्र बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला मी त्यांच्याच गाडीतून जायला लागले. त्या गाडी अशी चालवायच्या की मागच्या सीटवर झोपलेलं लेकरू उठू नये.

विम्याचं त्यांना फार अप्रूप होतं. वर्षभरात एकही क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. दरवर्षी वाढत वाढत त्यांची सूट हप्त्याच्या निम्म्यापर्यंत गेली होती. पैशांपेक्षा त्यांना त्या सुटीचाच अभिमान जास्त. "माझ्या गाडीनं कुणाला ओरखडा दिला नाही," त्या म्हणायच्या, "हे मी नाही, कंपनी सांगते."

त्या हिवाळ्यात त्या नूतनच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या. गाडी तेजस धुळ्याला घेऊन गेला. उभी राहून बॅटरी उतरेल, त्यापेक्षा मी वापरतो, म्हणाला. बाई परतल्या तेव्हा गाडी दारात उभी होती, धुतलेली, पुसलेली, पुढची काच नवीकोरी.

"ट्रकच्या चाकातून खडी उडाली आणि काच तडकली," तेजस म्हणाला. "मी बदलून टाकली."

बाईंनी गल्लीभर त्याचं कौतुक केलं. बॉनेटचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्त चमकतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

विम्याची मुदत संपत आली तसा तेजस मागे लागला, की या वर्षी कंपनी बदल. दोन-तीनदा फोन केला. "जुनी कंपनी लुटते आई. नवीत स्वस्त पडेल. तुझी सूट कुठे जात नाही, ती माणसाची असते, कंपनीची नसते. मी मोबाइलवरून करून टाकतो, तू काही बघू नकोस."

आता वाटतं, ते शेवटचं वाक्य तेव्हाच खटकायला हवं होतं.

पण मोबाइलवरच्या व्यवहारावर बाईंचा विश्वास नव्हता. त्या उठून ज्योतीकडे गेल्या. ज्योती विम्याची एजंट, बाजारात तिचं छोटं ऑफिस आहे. तिने विचारलं, "अक्का, गेल्या वर्षात काही क्लेम?" बाई म्हणाल्या, "एकसुद्धा नाही." ज्योतीने तसं भरलं, नवी कंपनी झाली, सूट कायम राहिली. बाईंनी तेजसला फोन करून सांगितलं. मी तिथेच बसले होते. तो एवढंच म्हणाला, "स्वतः कशाला गेलीस?"

थोड्याच दिवसांनी ज्योती घरी आली. बसलीसुद्धा नाही.

"अक्का, नव्या कंपनीनं जुन्या कंपनीला विचारलं. ते म्हणतात, क्लेम झालाय. हिवाळ्यात."

"दुसऱ्या कुणाची गाडी असेल."

"नंबर तुमचाच आहे. सूट मिळाली तेवढा फरक भरून टाका, विषय संपला. नाही भरला तर खोटं सांगितलं असं धरतील, आणि उद्या गाडीला काही झालं तर हात वर करतील."

"मी खोटं सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. पण ज्योती मान खाली घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धुळ्याला जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तेजसला कळवू या, असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "आधी बघू तरी." आपल्या मुलाला कुणीतरी फसवलं असेल, अशीच त्यांची समजूत होती.

ऑफिसातला माणूस सभ्य होता. त्याने संगणक आमच्याकडे वळवला. काच, बॉनेट, बंपर, डावा दिवा. पैसे थेट गॅरेजला गेले होते. पॉलिसीवर मोबाइल नंबर तेजसचा, म्हणून बाईंना कधी निरोप आला नव्हता. खाली सही बाईंच्या नावाची होती.

"कारण काय दिलंय?" बाईंनी विचारलं.

"रोही आडवा आला." मग आम्हाला कळावं म्हणून तो म्हणाला, "नीलगाय हो. या रस्त्यांवर नेहमीचंच आहे."

"फोटो मोठा करता का?"

त्याने केला. काच डावीकडे फुटली होती. मधोमध नाही, खालीही नाही. वरच्या बाजूला एक गोल खळगा आत दबलेला, आणि त्याच्याभोवती जाळं पसरलेलं. बाई त्या खळग्याकडे बघत राहिल्या. केंद्रावर असताना रस्त्यावरचे किती अपघात त्यांच्या हातून गेले होते, ते मला माहीत होतं. त्यांनी हळूच स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि लगेच खाली घेतला.

गॅरेज जवळच होतं. मिस्त्रीला गाडी आठवत होती. बाईंना बघून त्याने पाना खाली ठेवला.

"रोही म्हणाले, मी रोही लिहिलं," तो म्हणाला. "मी पोट भरणारा माणूस."

"मी भांडायला नाही आले. रोहीच होता ना?"

तो हात पुसत राहिला. "रोही धडकला की बंपरच्या जाळीत केस राहतात, बाई. इथे केस नव्हते."

"मग काय होतं?"

"कापूस होता. जाळीत सगळा कापूस अडकला होता."

परतताना उन्हं कलली होती, रस्ता मोकळा होता, आणि बाई नेहमीपेक्षाही हळू चालवत होत्या. रस्त्याच्या कडा बघत होत्या. मला ते कळत होतं आणि मला घरी जायचं होतं, बस. घरी जाऊन दार लावून घ्यायचं होतं. एका फाट्यावर चहाची टपरी दिसली तशी त्यांनी गाडी टपरीपर्यंत न नेता अलीकडेच, बाभळीखाली उभी केली. आम्ही चालत गेलो. टपरीवर एक म्हातारी होती.

"आजी, गेल्या हिवाळ्यात इथे कुणाला गाडीनं उडवलं होतं का?"

म्हातारीने आमच्याकडे नीट बघितलं. "निंबाले," ती म्हणाली. "कापूसनं गठोडं डोकावर लिसन येत व्हता."

"गाडी कोणाची होती?"

"काय म्हाईत. कोणी देखं नही. पांढरी व्हती म्हंतस." तिने चहा गाळला. "तठे नालामा पडेल व्हता. सकायलगून जित्ता व्हता बिचारा."

सकाळपर्यंत जिवंत होता. बाईंनी चहाचा पेला तसाच बाकावर ठेवला.

मला वाटलं, आता तरी निघतील. त्यांनी निंबाचं घर विचारलं. मी त्यांचा हात धरला, "अक्का, नको." त्यांनी हात सोडवला नाही, तशाच मला ओढत चालत राहिल्या.

निंबाची बायको धुरपदाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. परक्या, नीट नेसलेल्या दोन बायका बघून ती घाईने उठली, पदर सारखा केला. "तुम्ही सरकारकडनं उनात का?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली, ती बघवली नाही.

बाई म्हणाल्या, "नाही. मी नर्स होते या भागात."

धुरपदाबाईने आम्हाला बसवलं. गाडीचा नंबर कोणी देखा नही, म्हणून पोलिसांनी कागद तसाच ठेवला, असं सांगितलं. नवऱ्याबद्दल एवढंच म्हणाली, की पहाटे दूध घालायला जाणाऱ्याला तो सापडला, आणि दवाखान्यात नेताना वाटेत गेला. बाई ऐकत होत्या. एकदा त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता सांगतात. पण त्या उठून उभ्या राहिल्या. निघताना धुरपदाबाईने आमच्या पदरात शेंगा घातल्या. नको म्हणायची ताकद आमच्यात नव्हती.

रविवारी तेजस आला. बाईंनी मला थांबवून घेतलं होतं. का, ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित एकट्या असत्या तर त्या विरघळल्या असत्या.

"रोही होता का, तेजस?"

तो भराभर बोलायला लागला. धुकं होतं, दिवेलागण झाली होती, जनावर आहे असं वाटलं.

"उतरून बघितलंस?"

"थांबलो होतो. पुढे जाऊन थांबलो. आरशात बघत होतो. मागे काही हललं नाही, आई. मला वाटलं संपलं सगळं."

"नव्हतं संपलं," बाई म्हणाल्या. "सकाळपर्यंत नव्हतं संपलं."

तेजस खाली बसला. मोठा, धिप्पाड मुलगा. त्याने आईचे पाय धरले. "भूमिकाला सातवा महिना आहे. तू फक्त तो फरक भर. तेवढ्यावर मिटतं. कुणी विचारायला येणार नाही. माणूस तर परत येत नाही ना?"

"काचेचे पैसे मागितलेस," बाई म्हणाल्या. "काचेचे. त्याच विम्यात त्या माणसासाठीही सोय होती. त्याच्या बायकोला मिळालं असतं. ते मागायचं सुचलं नाही तुला?"

त्याने पाय सोडले.

"तू ठाण्यात जा. तू गेलास तर मी सोबत येते. नाही गेलास तर मी एकटी जाईन."

तो गेला नाही. आठवडाभर बाईंनी वाट पाहिली. त्या आठवड्यात गाडी जागची हलली नाही, आणि बाईंनी अंगणाकडची खिडकी उघडली नाही. फोन वाजला की त्या धावत जायच्या. ज्योती एकदा येऊन म्हणाली, "अक्का, भरून टाका ना फरक, उगाच कशाला." बाईंनी फरक भरला. ज्योतीला वाटलं, मिटलं. मलाही, खरं सांगते, घटकाभर तसंच वाटलं आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढली. मी पळत गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. "तू कशाला?" त्या म्हणाल्या. मी दार ओढून घेतलं. ठाण्यात त्यांनी सगळं उभ्यानेच सांगितलं. साहेबाने दोनदा विचारलं, "बाई, मुलगा आहे ना तुमचा?" त्यांनी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. आम्ही एसटीने परत आलो.

तेजसला त्याच दिवशी उचललं. पुढे जामीन झाला, नोकरी गेली. भूमिका माहेरी गेली, तिला मुलगा झाला. बाईंना कुणी कळवलं नाही, बाजारात कुणीतरी बोलताना त्यांच्या कानावर आलं. अपघाताच्या वेळी विमा जुन्या कंपनीचा होता, म्हणून निंबाच्या भरपाईचा दावा त्या कंपनीवर लागलाय. तो चालू आहे. तेजसवरचा खटलाही चालू आहे. त्यात बाई साक्षीदार आहेत, सरकारच्या बाजूने. त्या दिवसांत गाडी कुणाकडे होती, काच कुणी बदलली, ते त्यांना सांगायचं आहे.

कोर्टाच्या आवारात धुरपदाबाई एकदा समोर आली होती. तिला सगळं कळलं होतं. ती बाईंच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं थुंकेल, नाहीतर पाया पडेल. तिने नुसतं बघितलं आणि वळून गेली. बाई नंतर म्हणाल्या, "तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

गल्लीत अर्धे लोक त्यांच्याशी बोलत नाहीत. पोटच्या पोराला आत घालणारी आई, असं मागे म्हणतात. कुणी समोर म्हणालं तर त्या ऐकून घेतात.

साक्ष पुढच्या महिन्यात आहे. हल्ली रोज संध्याकाळी त्यांच्या घरी फोन वाजतो. नंबर तेजसचा असतो. पलीकडे कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मी एकदा म्हटलं, "उचलू नका अक्का, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या, आणि फोन उचलून कानाला लावला.